हिशेबनिसाने युनियन कशी काढावी : नेसरीकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता

अर्जदार नेसरीचा, नाहीतर गडहिंग्लज-आजरा-चंदगड पट्ट्यातला असावा. बी.कॉम. असावा, एखाद्या पतसंस्थेत किर्द-खतावणी करून कंटाळलेला असल्यास उत्तम. त्याला कोल्हापूरच्या चित्रनगरीतून कुणा ओळखीच्याचा फोन आलेला असावा, "मालिकेवर हिशेबाला माणूस पाहिजे, येतोस काय?" आणि त्याने पगार न विचारता "येतो की" म्हटलेलं असावं. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. पगार किती, तास किती आणि पैसे कधी, हे तीन प्रश्न ज्याने आधीच विचारले त्याला या मार्गदर्शिकेची गरज नाही. तसा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आपल्या भागाला हा धंदा नवा नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती कोल्हापुरात, आणि तिला सुरुवातीला पैशाचा आधार दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. १९२९ साली प्रभातही कोल्हापुरातच उभी राहिली. मालक पाच. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही चार नावं कुणीही घडाघडा सांगेल. पाचवे सीताराम कुलकर्णी, पेशाने सराफ, पैशाची बाजू त्यांची. त्यांचं नाव सांगताना लोक छताकडे बघू लागतात. ज्याने पैसा सांभाळला त्याच्या वाट्याला किती प्रकाश येतो, याचा अंदाज उमेदवाराने इथेच घ्यावा आणि तरीही यायचं असेल तर पुढे वाचावं.

पायरी पहिली : आपण कामगार आहोत, हे स्वतःला पटवणे

ही पायरी सर्वांत अवघड असून बहुतेक उमेदवार इथेच गळतात.

समजा, एका ऐतिहासिक मालिकेचं युनिट आठवडाभरासाठी नेसरीत उतरलं आहे. शाळेचा एक वर्ग म्हणजे तुमचं ऑफिस. बाकावर पत्र्याची पेटी. तिच्यात रोकड, शिक्क्याचं पॅड, रेव्हेन्यू स्टँप आणि व्हाउचरची वही. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पॅक-अप झालंय, आणि दाराबाहेर रांग लागली आहे. सगळ्यात पुढे घोडेवाला मामा. हातात सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदामागे लिहिलेलं बिल : 'घोडी ६, कडबा ४० पेंढ्या, भाडं धरून ३२,०००.' तारीख नाही, सही नाही. कोपऱ्यात चहाचा गोल डाग आहे. त्यालाच शिक्का समजावं अशी मामांची अपेक्षा.

"मामा, एका दिवसात एकाला रोख दहा हजारांच्या वर देता येत नाहीत. आयकरात तो खर्चच धरत नाहीत. बाकीचे खात्यावर टाकतो."

"खात्यावर? घोडं काय यूपीआय खातंय व्हय?"

"मग कडबेवाल्याचा नंबर द्या. त्याला परस्पर टाकतो."

"त्यो माझा मेव्हणाच हाय. त्याला टाकलासा तर माझ्या हाताला काय लागतंय?"

मामांची समजूत घालून होते. मग लाइटमन येतात, सेटिंगवाले येतात, मेकअप दादा, स्पॉट दादा येतात. भत्ता मोजून घेतात, ओव्हरटाइमचे तास तुमच्या वहीत वाकून बघतात आणि अर्धा तास कमी लागला असेल तर तुमच्यापेक्षा अचूक बेरीज करून दाखवतात. दीड वाजता रांग संपते. पेटी जुळवता तर सतरा रुपये कमी. ते स्वतःच्या खिशातून टाकून तुम्ही पेटीला कुलूप लावता.

आता तुमच्या ओव्हरटाइमचं व्हाउचर. ते फाडणार कोण? फाडणारे तुम्हीच, आणि स्वतःच्या नावाचं व्हाउचर स्वतः पास करणं हिशेबाच्या कुठल्याच शाळेत बसत नाही. सकाळी निर्मात्याकडे विषय काढावा तर तो खांद्यावर हात ठेवतो. "अरे, तू तर घरचा माणूस." घरच्या माणसाला शिफ्ट नसते हे ओघानेच आलं. तिकडे लाइटमनच्या मते तुम्ही मालकाचे, कारण टीडीएस कापणारा हात तुमचा. आणि कंपनीच्या वहीत तुम्ही दोन्हीकडचे नाहीच : 'व्यावसायिक शुल्क' या सदराखाली महिन्याच्या महिन्याला बिल देणारे बाहेरचे सल्लागार, दहा टक्के करकपात, भविष्यनिर्वाह निधीचा संबंध नाही. हे सदर तुम्हीच टाकलंत. तसं टाकायला सांगितलं होतं.

स्वाध्याय : मागच्या महिन्यात तुमच्या हातून ज्यांना पैसे गेले त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे त्याच्या कराराची तारीख लिहा. स्वतःच्या नावाशी आलात की जो रकाना रिकामा राहतो तो काही काळ बघत बसा. पुढची पायरी उद्या केली तरी चालेल.

पायरी दुसरी : कायद्यात आपली जागा शोधणे

सिने-कामगारांसाठी १९८१ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात सिने-कामगार कोण, याची व्याख्या होती. आधी कलाकार : नट, वादक, नर्तक. मग काम करणारे : कुशल, अकुशल, अंगमेहनतीचं, देखरेखीचं, तांत्रिक, कलात्मक, आणि सगळ्यात शेवटी 'किंवा अन्य'. पेन्सिल घ्या आणि या 'अन्य'भोवती गोल करा. तुमचा पत्ता तो.

मात्र या घराचं दार बुटकं होतं. मूळ कायद्यात महिना १,६०० रुपये किंवा एकरकमी १५,००० रुपये मेहनतान्याची मर्यादा होती. त्याहून जास्त मिळवणारा व्याख्येबाहेर. शिवाय कायदा फक्त कथाचित्रपटांचा. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात २०१६ पासून 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण वर्षानुवर्षं चाललं, चित्रनगरीत 'दख्खनचा राजा ज्योतिबा'चा सेट लागला, गावंच्या गावं मालिकांच्या कामाला लागली; पण मालिकेत राबणारा माणूस या कायद्याच्या नजरेला सिने-कामगार नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत 'दृक-श्राव्य कामगार' नावाचा माणूस आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी, वेब मालिका, जाहिराती, रिॲलिटी शो, सगळीकडचे त्यात आले. निर्मात्याने लेखी करार केल्याशिवाय आणि तो सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवल्याशिवाय अशा माणसाला कामावर ठेवता येत नाही. मेहनतान्याची मर्यादा सरकारने अधिसूचनेने ठरवायची असते. 'किंवा अन्य' इथेही आहे. इथेही शेवटीच आहे.

आता बढतीपासून सावध राहण्याविषयी. औद्योगिक संबंध संहितेत कारकुनी काम करणारा स्पष्ट शब्दांत कामगार ठरतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा ठरत नाही. देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांहून जास्त घेणाराही ठरत नाही. म्हणून ज्या दिवशी तुम्ही ओव्हरटाइमचा विषय काढाल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर नवी पाटी येण्याचा संभव आहे : 'फायनान्स कंट्रोलर'. पगार तोच, टेबल तेच, टेबलाचा हलणारा पाय तोच. घरी फोन जाईल, गावात पेढे वाटले जातील, आणि पेढे पोटात जाईपर्यंत तुम्ही कामगार या व्याख्येतून बाहेर पडलेले असाल. न्यायालयं पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, हे खरं. पण निकाल लागेपर्यंत मालिकाही संपते आणि तिचा निर्माताही दुसऱ्या नावाने कंपनी काढतो. तेव्हा पेढ्यांआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी कुणाला कामावर घेऊ शकतो का? कुणाला काढू शकतो का? शंभर रुपयांचा खर्च तरी माझ्या एकट्याच्या सहीने मंजूर होतो का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर पाटी उलटी करावी आणि मागच्या बाजूला कडब्याचा हिशेब लिहावा.

पायरी तिसरी : झेंडा निवडणे

मुंबईत फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज आहे. तिच्या छत्राखाली कामानुसार संघटना : छायालेखकांची, ध्वनिवाल्यांची, संकलकांची, नर्तकांची, साहसदृश्यं करणाऱ्यांची, ज्युनियर आर्टिस्टांची, सेटिंग कामगारांची. यादी वाचत जा. हिशेबनिसाला सगळ्यात जवळचं दार निर्मिती व्यवस्था बघणाऱ्यांचं, तिथेच ठोठावावं. कोल्हापुरात अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. तिथे निर्मात्यांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळे एकाच संस्थेचे सभासद असतात. ही सोयही आहे आणि अडचणही, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो त्याच सभेत शेजारच्या खुर्चीवर बसून भजी खात असतो.

हॉलिवूडची गोष्ट सांगितल्याशिवाय मार्गदर्शिका पूर्ण होत नाही असा संकेत आहे, म्हणून सांगतो. तिकडे चित्रपट-नाट्य कामगारांच्या मोठ्या संघटनेची ८७१ क्रमांकाची शाखा आहे. तिच्या नावातच हिशेबनिसांचा उल्लेख आहे, आणि त्यांच्याबरोबर कोण? निर्मिती कार्यालयातले समन्वयक, आणि कंटिन्युइटी बघणारे. म्हणजे मागच्या दृश्यात डाव्या बोटात असलेली अंगठी आता उजव्या बोटात कशी, हे पकडणारे, आणि मागच्या आठवड्यात दिलेलं जनरेटरचं बिल या आठवड्यात पुन्हा कसं आलं, हे पकडणारे एकाच शाखेत. न्यूयॉर्कच्या १६१ क्रमांकाच्या शाखेतही हीच मंडळी एकत्र आहेत. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्यांनी एकत्र यावं, यात मला मोठा शहाणपणा दिसतो. त्यांच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त किती वेळा दुरुस्त होत असेल, याची कल्पना मात्र करवत नाही.

पायरी चौथी

या पायरीचं व्हाउचर मिळालेलं नाही. मिळाल्यावर जोडू.

पायरी पाचवी : सात सह्या

इथे नेसरीकराला जन्मजात फायदा आहे. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी १९२६ च्या कायद्याने किमान किती जणांनी अर्ज करायचा? सात. नव्या संहितेनेही तो आकडा हलवला नाही. सात हा आकडा ऐकून नेसरीच्या माणसाचा हात आपोआप मिशीकडे जातो. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार नेसरीच्याच खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांचं स्मारक तिथेच आहे. लहानपणापासून दरवर्षी तिथे फुलं वाहिलेल्या माणसाला सात जणांनी काय होणार, असं कुणी विचारूच शकत नाही.

पण हिशेबनिसाने गोष्ट शेवटपर्यंत वाचावी. त्या सातांपैकी परत कुणी आलं नाही. मागे फौज होती, तिची वाट न बघता ते गेले. महाराजांना सरनोबत गमवावा लागला आणि पुढे हंबीरराव मोहित्यांकडे ती जबाबदारी आली. स्वराज्याच्या पागेत हिशेबाला मुजुमदार आणि जमेनीस असत. त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी बरोबर असता तर त्याने आधी मागच्या तुकडीची हजेरी विचारली असती, आणि इतिहासात त्याचं नाव भित्रा म्हणून राहिलं असतं. ती जोखीम आपण घ्यायची आहे.

कारण कायद्यातही सातांच्या मागे फौजेची अट आहे. आस्थापनेतले किंवा उद्योगातले १० टक्के कामगार, नाहीतर १०० कामगार, यांपैकी जो आकडा कमी तितके सभासद अर्जाच्या दिवशी हवेत. आता बेरीज करा, तेवढं तर आपल्याला येतं. युनिटमध्ये १२० माणसं धरली तर १० टक्के म्हणजे बारा. हिशेबाला माणसं किती? तुम्ही एक, आणि व्हाउचर चिकटवायला आलेला तुमचा मावसभाऊ. म्हणजे दोन. मावसभावाला अजून पगार सुरू झालेला नाही, तेव्हा दीड धरा.

वाटा दोनच उरतात. एक, कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत सेटवर पेट्या सांभाळणारे शंभर जण गोळा करायचे. ते सगळे मार्चअखेर पुरी झाल्यावर भेटू म्हणतील, एप्रिलमध्ये ऑडिट असतं, जुलैत विवरणपत्रं, दिवाळीला निर्माते पैसे देत नाहीत म्हणून फोन उचलत नाहीत. दुसरी वाट म्हणजे लाइटमन, स्पॉट दादा, सेटिंगवाले यांच्या मागे न लागता त्यांच्यात जाऊन बसणं. त्यांना तुमच्यावर संशय आहे. तो फिटायला वेळ लागेल. पण वाटाघाटीला एकमेव संघटना म्हणून बसायचं तर ५१ टक्के सभासद लागतात, आणि हिशेबनिसांचे ५१ टक्के फक्त हिशेबनिसांच्या लग्नातच भरतात. माझं मत विचाराल तर दुसरीच वाट खरी. शुद्ध हिशेबनिसांची वेगळी चूल मांडण्यात मान आहे, शिधा नाही.

एक प्रात्यक्षिक. उद्या लाइटमनच्या ओव्हरटाइमचे तास कुणी पेन्सिलने कमी करून आणले, तर ते तसेच चढवू नका. "डेली रिपोर्टमध्ये पॅक-अप साडेअकराचं आहे, मी साडेअकराच धरतो," एवढंच म्हणा, आवाज न चढवता. हे वाक्य दुपारच्या जेवणाच्या रांगेपर्यंत पोचतं. त्या दिवशी तुमच्या ताटात कुणीतरी न मागता दुसरी भाकरी टाकेल. सभासद नोंदणी सुरू झाली असं समजावं.

पायरी सहावी : मागणीपत्र

लांबलचक लिहू नये. हिशेबनिसांच्या मागणीपत्राचा पहिला मसुदा नेहमी तक्त्यात असतो, त्याला परिशिष्ट असतं आणि परिशिष्टाला टीप असते. निर्माता पहिलं पान वाचतो. तेव्हा पहिल्या पानावरच्या मागण्या : माझ्याही नावाचा लेखी करार. माझेही तास डेली रिपोर्टमध्ये. मालिकांत नव्वद दिवसांनी पैसे देण्याची जी रीत पडली आहे तिच्यात मला तरी धरू नका, कारण इतरांना "अजून नव्वद दिवस झाले नाहीत" हे सांगण्याचं कामही माझ्याकडेच आहे. कोऱ्या व्हाउचरवर सही मागायची नाही. आणि तीन वर्षांनी कराची नोटीस आली की "ते सगळं अकाउंटंट बघायचा" हे वाक्य उच्चारायचं नाही.

आणखी एक कलम मी हसण्यावारी नेणार नाही. मार्च २०२३ मध्ये पन्हाळ्यावर, नेसरीच्याच सात वीरांवरच्या चित्रपटाचं काम चालू असताना, १९ वर्षांचा एक कामगार तटावरून खाली कोसळला आणि पुढे उपचार चालू असताना गेला. कुठल्याही सेटवर असं काही झालं की पोलीस, विमा कंपनी आणि घरचे लोक एकच कागद मागतात : आज कामावर कोण कोण होतं. तो कागद हिशेबनिसाच्या पेटीत असतो. ठेकेदाराने आयत्या वेळी आणलेली चार पोरं त्याच्यात असतात किंवा नसतात. म्हणून मागणी अशी लिहा : रोजंदारीवरच्या प्रत्येकाचं नाव, वय आणि विमा सकाळच्या पहिल्या शॉटच्या आधी माझ्याकडे आलाच पाहिजे, न आल्यास त्या माणसाला तटावर चढवू नये, असं सांगण्याचा अधिकार मला असावा. या एका कलमासाठी बाकीची सोडावी लागली तर सोडावीत.

संपाविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईच्या फेडरेशनने काम बंद केलं तेव्हा चित्रपटांचे आणि मालिकांचे सेट थंडावले होते. तसा प्रसंग पुन्हा आला तर हिशेबनिसाने एक पथ्य पाळावं. संपाच्या दिवशी सगळे घरी असतात आणि ऑफिसातून फोन येतो : "जरा येऊन जा, संपामुळे आपलं किती नुकसान झालं त्याचा तक्ता करायचाय." जाऊ नये. तक्ता करायला हात कितीही शिवशिवले तरी जाऊ नये.

पायरी सातवी : पदाधिकारी निवडणे

नोंदणीचा अर्ज भरला, नियमावली लिहिली, कोल्हापूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते कळलं. आता पहिली बैठक. जागा : नेसरीच्या स्टँडजवळचं हॉटेल, कारण तिथे पंखा आहे. अध्यक्ष एका मिनिटात ठरतो; लाइटमनपैकी ज्येष्ठ दादा. सरचिटणीस ठरतो, त्याचं अक्षर चांगलं. वर्गणीवर थोडी चर्चा होते. १९२६ च्या कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा ग्रामीण आणि असंघटित कामगार सोडून बाकीच्यांची वर्गणी वर्षाला किमान १२ रुपये ठरली होती, हे तुम्ही सांगता. बारा रुपयांत पावतीपुस्तकही छापून होत नाही, हेही तुम्हीच सांगता. मग खजिनदाराचा विषय निघतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

तुम्ही नकार देता. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि रात्री पुन्हा तेच? मावसभावाकडे बोट दाखवता. तो चहा सांगायला उठतो. शेवटी स्पॉट दादांनाच खजिनदार करावं, असं ठरतं. ते आनंदाने तयार होतात, चहा-भज्यांचे ३४० रुपये तिथल्या तिथे देतात आणि हॉटेलवाल्याचं बिल न घेता येऊन बसतात.

"दादा, बिल?" तुम्ही विचारता.

"कसलं बिल? ओळखीचा हाय त्यो."

"ओळखीचा असू दे. संघटनेचा पहिला खर्च आहे. रजिस्ट्रारकडे दरवर्षी तपासलेला हिशेब जातो."

"आता ३४० रुपयांसाठी त्याला उठवू व्हय? गिऱ्हाईक बघा किती हाय."

तुम्ही खिशातून व्हाउचरची वही काढता. ती कायम बरोबर असते. पहिल्या पानावर 'सभा खर्च' लिहिता, रक्कम अंकी आणि अक्षरी, आणि दादांपुढे सहीला धरता. दादा सही करतात, वही उलटीसुलटी करून बघतात आणि म्हणतात, "आणि तुमचा एसटीचा खर्च? तो कोण लिवणार? बसा खाली. सांगा, मी लिवतो."